शिक्षा भोगून झाल्यावरची कैद : क्वीन्सलंडचे फार्डन प्रकरण

रॉबर्ट जॉन फार्डन याची चौदा वर्षांची शिक्षा 30 जून 2003 रोजी पुरी होणार होती. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात त्याच महिन्याच्या 6 तारखेला एक नवा कायदा अमलात आला: धोकादायक कैदी (लैंगिक गुन्हेगार) कायदा, 2003. 17 जूनला राज्याच्या ॲटर्नी जनरलने (तिथला कायदामंत्री) त्याखाली फार्डनविरुद्ध अर्ज केला आणि 27 जूनला कोर्टाने त्याला तूर्त आत ठेवण्याचा हुकूम दिला. शिक्षेचा शेवटचा दिवस आला आणि गेला, फार्डन होता तिथेच राहिला. त्याच्यावर नवा आरोप नव्हता, नवा खटला नव्हता. पुढे नोव्हेंबर 2003 मध्ये त्याला अनिश्चित काळासाठी तुरुंगात ठेवण्याचा पक्का आदेश निघाला. या कायद्याखाली असा आदेश झालेला तो पहिला कैदी.

माणसाबद्दल कुणाला कणव वाटावी असे या प्रकरणात काही नाही, आणि अभ्यासाला ते घ्यायचे कारणही तेच. 1980 साली त्याला चौदा वर्षांखालच्या मुलीवरील अत्याचार आणि जखमी करणे या गुन्ह्यांसाठी 13 वर्षांची शिक्षा झाली होती. आठ वर्षे काढून तो पॅरोलवर सुटला आणि वीस दिवसांच्या आत त्याने दुसऱ्या एका स्त्रीवर बलात्कार केला. त्यासाठी 30 जून 1989 रोजी चौदा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. ती त्याने एका दिवसाचीही सूट न मिळता भोगली. पुढे कोर्टात कुणी कितीही तात्त्विक युक्तिवाद केला, तरी ऐकणाऱ्याच्या मनात ते वीस दिवस बसून असत. माझ्याही मनात आहेत. कैद्यांच्या हक्कांबद्दल बोलणाऱ्या लेखांतून हा तपशील घाईने उरकलेला दिसतो. मला तो अप्रामाणिकपणा वाटतो.

कायद्याची रचना आता नीट पाहू, कारण सगळा वाद तिच्या बारकाव्यांत आहे. शिक्षेचे शेवटचे सहा महिने उरले की ॲटर्नी जनरल राज्याच्या सुप्रीम कोर्टात अर्ज करू शकतो. (ऑस्ट्रेलियात राज्याच्या वरिष्ठ कोर्टाला सुप्रीम कोर्ट म्हणतात आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला हायकोर्ट, आपल्या वाचकाने हा उलटा क्रम लक्षात ठेवलेला बरा.) कोर्टाला प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर दोन मानसोपचारतज्ज्ञ कैद्याला स्वतंत्रपणे तपासून अहवाल देतात. मग न्यायाधीशाने ठरवायचे, की हा माणूस सुटला तर गंभीर लैंगिक गुन्हा करण्याचा धोका ‘अस्वीकार्य’ म्हणावा इतका आहे का. पुरावा ठोस हवा आणि निष्कर्ष ‘उच्च दर्जाच्या संभाव्यतेने’ पटलेला हवा. पुराव्याचा भार सरकारवर. फौजदारी खटल्यात लागते तशी संशयातीत खात्री मात्र इथे लागत नाही. धोका सिद्ध झाला की कोर्टापुढे दोन वाटा: तुरुंगात अनिश्चित काळ, किंवा बाहेर देखरेखीखाली. दोन्हींमधून निवड करताना सर्वांत वरचा विचार समाजाच्या संरक्षणाचा. आत ठेवले तर, मूळ कायद्याप्रमाणे, दर वर्षी फेरतपासणी. म्हणजे कागदावर कैद वर्षावर्षाने वाढते, तिला शेवटची तारीख नसते.

विधिमंडळाने हे सगळे कोर्टाच्या हाती इतक्या काळजीने का दिले, याचे उत्तर न्यू साउथ वेल्समधल्या एका फसलेल्या प्रयोगात आहे. ग्रेगरी केबल या माणसाने पत्नीला मारले होते आणि तुरुंगातून तिच्या नातलगांना धमकीची पत्रे पाठवली होती. तो सुटणार म्हणून राज्याने 1994 साली समाज संरक्षण कायदा केला. त्यात त्याचे नावच घातले होते. एका माणसासाठी एक कायदा, आणि त्यावर शिक्कामोर्तब करण्याचे काम कोर्टाचे. 1996 मध्ये हायकोर्टाने तो रद्द केला. राज्याच्या कोर्टांना केंद्राचे न्यायिक अधिकारही वापरायचे असतात, तेव्हा त्यांना सरकारच्या हातातले बाहुले वाटेल असे काम देता येणार नाही, असे तत्त्व त्यातून निघाले. क्वीन्सलंडने तो निकाल समोर ठेवून मसुदा केला. व्यक्तीचे नाव नाही, सर्वांना लागू होणारे निकष, तज्ज्ञ, वकील, अपील, वार्षिक आढावा. केबलच्या बाबतीत जे जे खटकले होते ते सगळे इथे दुरुस्त केलेले होते.

फार्डनचे अपील हायकोर्टात पोहोचले आणि 1 ऑक्टोबर 2004 रोजी सहा विरुद्ध एक असा निकाल लागला: कायदा वैध. बहुमताचा गाभा असा, की हेतू शिक्षेचा नसून समाजाच्या संरक्षणाचा आहे. कोर्टाला खरोखरचा निर्णय करायचा आहे, सरकारने पुढे केलेल्या कागदावर सही करायची नाही. मग या कामाने कोर्टाची प्रतिष्ठा जात नाही. असा कायदा शहाणपणाचा आहे का, हे ठरवणे विधिमंडळाचे काम. मुख्य न्यायाधीश मरे ग्लीसन यांचे एक वाक्य वारंवार उद्धृत होते. भविष्यातल्या धोक्याचे अंदाज चुकू शकतात हे मान्य, पण ते बरोबरही ठरू शकतात, असे ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढे वीन नावाच्या कैद्याचे जुने प्रकरण होते. 1979 मध्ये हायकोर्टाने त्याची जन्मठेप कमी करून मुदतीची शिक्षा दिली, तो सुटला आणि त्याने पुन्हा माणूस मारला. न्यायाधीशांच्या स्मृतीत अशी एक चूक असली की ती पुढच्या प्रत्येक फायलीवर सावली धरते.

एकट्या मायकेल कर्बी यांनी विरोधी मत दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: माणूस त्याच तुरुंगात, त्याच कैद्यांमध्ये, त्याच शिस्तीखाली राहणार असेल, तर त्याला ‘दिवाणी’ किंवा ‘संरक्षक’ कैद म्हटल्याने वस्तुस्थिती बदलत नाही; गुन्ह्याची शिक्षा एकदा ठरवून झाल्यावर ही वरची दुसरी शिक्षा आहे आणि तीही मागाहून केलेल्या कायद्याने. 1933 साली जर्मनीत नाझी राजवटीने सराईत गुन्हेगारांसाठी केलेल्या कायद्याचीही त्यांनी आठवण दिली. माणसाने काय केले यावरून माणूस कसा आहे याकडे फौजदारी कायद्याची नजर वळली, की काय होते याचा तो दाखला. हा उल्लेख तेव्हा काहींना टोकाचा वाटला. पाच वर्षांनी खुद्द जर्मनीच त्याच मुद्द्यावर युरोपच्या कोर्टात हरली, त्याकडे पुढे येऊ.

निकालपत्रांत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तुरुंगाची बाब. कायद्याच्या उद्दिष्टांत समाजाचे संरक्षण आहे आणि त्याच दमात कैद्याचे नियंत्रण, काळजी, उपचार आणि पुनर्वसनही आहे. फार्डन चौदा वर्षे सरकारच्या ताब्यात होता. लैंगिक गुन्हेगारांसाठीच्या उपचारवर्गांत तो भाग घ्यायला तयार नव्हता, आणि ही गोष्ट त्याच्या विरुद्ध धरली गेली. सरकारचे म्हणणे समजण्यासारखे आहे: ज्याला स्वतःचा दोष पाहायचाच नाही त्याला कसे सुधारणार? पण उलट बाजूने विचार करा. शिक्षा चालू असताना उपचाराची निकड वाटली नाही, ती वाटली शेवटच्या तीन आठवड्यांत, आणि उपचाराची जागा म्हणून जे दिले ते तेच जुने तुरुंग.

आता अंदाजाविषयी. मानसोपचारतज्ज्ञ अशा प्रकरणांत नुसत्या मुलाखतीवर विसंबत नाहीत, गुणांकनाची साधने वापरतात. त्यांतले सर्वांत प्रचलित साधन ‘स्टॅटिक-99’. त्यात दहा बाबी असतात: वय, जोडीदारासोबत कधी नांदला का, आधीचे लैंगिक गुन्हे किती, पीडित अनोळखी होती का, नात्याबाहेरची होती का, पीडितांत कुणी पुरुष होता का, अशा. नावाप्रमाणेच यांतल्या जवळपास सगळ्या बाबी स्थिर आहेत. कैद्याने तुरुंगात काहीही केले तरी त्या बदलत नाहीत. त्याला गुण कमी करून देते ते फक्त म्हातारपण. म्हणून तज्ज्ञ त्याला बदलत्या घटकांची दुसरी साधने जोडतात: राग, दारू, एकटेपणा, देखरेख करणाऱ्यांना तो किती सहकार्य करतो. या सगळ्यातून शेवटी जे निघते ते एका गटाबद्दलचे विधान असते. समजा, एखाद्या गुणसंख्येच्या शंभर माणसांतले चाळीस पुन्हा गुन्हा करतात. समोर बसलेला माणूस त्या चाळिसांतला की उरलेल्या साठांतला, हे साधन सांगत नाही. सगळ्या शंभरांना आत ठेवले तर साठ जण त्यांनी केलाच नसता अशा गुन्ह्यासाठी कैदेत. सगळ्यांना सोडले तर निदान चाळीस बायका-मुले त्याची किंमत मोजणार. आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत, पण पेच खरा आहे, आणि गुणांकन कितीही सुधारले तरी तो पुरता सुटत नाही.

याला आणखी एक कंगोरा आहे. ज्याला आत ठेवले त्याच्याबद्दलचा अंदाज चुकला हे कधीच उघड होत नाही. ज्याला सोडले आणि त्याने गुन्हा केला, तो अंदाज दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर. तज्ज्ञ, न्यायाधीश, मंत्री, सगळ्यांचा कल कुठे झुकणार हे सांगायला मानसशास्त्र लागत नाही.

अमेरिकेतल्या एका जुन्या प्रसंगाने हा पडदा काही काळ उघडला होता. 1966 साली तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या बॅक्सस्ट्रॉम निकालामुळे न्यूयॉर्कमधल्या शेकडो ‘धोकादायक’ मनोरुग्ण कैद्यांना कडेकोट संस्थांमधून साध्या इस्पितळांत हलवावे लागले, आणि त्यांतले बरेच पुढे मोकळे झाले. संशोधकांनी त्यांचा मागोवा घेतला. हिंसेकडे परत वळलेले फार थोडे निघाले. ते रुग्ण वेगळे होते, बरेचसे उतारवयातले, आणि फार्डन त्यांच्यातला नव्हता. एवढे मान्य करूनही त्या अनुभवावरून धोका मोजताना हात किती सैल सुटतो हे कळते.

फार्डनची पुढची वर्षे या सगळ्याचे उदाहरण म्हणून वाचता येतात, आणि ती कुठल्याच बाजूच्या सोयीची नाहीत. 2006 च्या अखेरीस तो कडक अटींवर बाहेर आला. 2007 मध्ये अटी मोडल्यावरून पुन्हा आत, मग पुन्हा बाहेर. 2008 मध्ये त्याच्यावर बलात्काराचा नवा आरोप झाला. ‘आम्ही सांगत होतोच’ असे म्हणणाऱ्यांना याहून मोठा पुरावा काय हवा होता? 2010 मध्ये ज्यूरीने दोषी ठरवले, दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी क्वीन्सलंडच्या अपील कोर्टाने ती दोषसिद्धी टिकण्याजोगी नाही म्हणून रद्द केली आणि त्याला निर्दोष ठरवले. तरी तो सुटला नाही, 2003 च्या कायद्याखाली आतच राहिला. निर्दोष सुटूनही न सुटणे हे अशा कायद्याच्या राज्यातच घडू शकते.

त्याच 2010 च्या मार्च महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने फार्डनच्या तक्रारीवर मत दिले. समितीने म्हटले, ही कैद मनमानी आहे आणि नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नवव्या कलमाचा भंग करते. कारणे साधारण कर्बींच्या वाटेने जाणारी होती: तुरुंगातली कैद ही शिक्षाच, तिला आधार असलेला कायदा गुन्ह्यानंतरचा, कार्यपद्धती दिवाणी स्वरूपाची, फौजदारी खटल्याची संरक्षणे नसलेली, आणि पुनर्वसनासाठी याहून कमी जाचक मार्ग नव्हता हे सरकारने दाखवले नाही. समितीने आणखी एक नेमके बोट ठेवले. पुनर्वसन हवे होते तर ते शिक्षेच्या मुदतीतच करण्याचे बंधन करारात आहे. ऑस्ट्रेलियाने हे मत मान्य केले नाही. समितीची मते देशांतर्गत कोर्टांवर बंधनकारक नसतात, त्यामुळे कैदेवर परिणाम शून्य.

जर्मनीत परिणाम झाला. तिथे शिक्षेनंतरच्या ‘सुरक्षा-कैदे’ला पूर्वी पहिल्या वेळी दहा वर्षांची मर्यादा होती, 1998 मध्ये ती काढली आणि आधीच आत असलेल्यांनाही नवा नियम लावला. डिसेंबर 2009 मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हे अवैध ठरवले. मग मे 2011 मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने आपल्या देशातली ही सारी व्यवस्थाच घटनाबाह्य ठरवून दुरुस्तीला मुदत दिली. त्या निकालातला दंडक मला फार्डन प्रकरणातल्या सगळ्या चर्चेपेक्षा उपयोगी वाटतो: शिक्षा भोगणारा आणि शिक्षा संपूनही ठेवलेला, या दोघांच्या जगण्यात डोळ्याला दिसेल इतके अंतर हवे. वेगळी इमारत, मोठी खोली, स्वतःचे कपडे, व्यक्तिगत आखणीचे उपचार, बाहेर जाण्याचा सराव. समाज आपल्या सुरक्षिततेसाठी एखाद्याकडून त्याने देणे नसलेली वर्षे घेत असेल, तर त्या वर्षांचा खर्चही समाजाने उचलावा. यात दयेचा प्रश्न येत नाही. हिशेब चोख हवा, इतकेच.

क्वीन्सलंडमध्ये मात्र 2013 साली गाडी उलट दिशेला निघाली. कोर्टाने फार्डनला देखरेखीवर सोडण्याचा आदेश दिला. तत्कालीन सरकारने, मुख्यमंत्री कॅम्पबेल न्यूमन आणि ॲटर्नी जनरल जॅरड ब्लायजी, काही आठवड्यांत कायदा दुरुस्त केला. कोर्टाने सोडायला सांगितलेल्या कैद्याला ‘जनहितासाठी’ गव्हर्नरच्या घोषणेने आत ठेवता येईल, असा तो बदल. गव्हर्नर म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळ. डिसेंबर 2013 मध्ये अपील कोर्टाने तो उडवून लावला. आधार तोच केबल निकाल. कोर्टाचा हुकूम मंत्र्याने फिरवायचा, म्हणजे कोर्टाचे काम नुसता देखावा. फार्डन त्या महिन्यात ब्रिस्बेनजवळच्या वॅकोल तुरुंगालगतच्या देखरेखीच्या वसाहतीत गेला.

आपल्याकडे हाच प्रश्न दोन वर्षांनी दिल्लीत उभा राहिला. डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्कार प्रकरणातला अल्पवयीन आरोपी तीन वर्षे सुधारगृहात काढून 20 डिसेंबर 2015 रोजी सुटला. त्याला सोडू नये म्हणून दिल्ली महिला आयोग सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. आदर्शकुमार गोयल आणि आपल्या सोलापूरच्या घराण्यातले न्या. उदय लळित यांच्या पीठाने दुसऱ्या दिवशी याचिका फेटाळली: भावना कळते, पण कायद्याचा स्पष्ट आधार नसताना कुणाला डांबता येत नाही. क्वीन्सलंडच्या विधिमंडळाने जे मुदतीच्या आधी 24 दिवस केले, ते आपल्या संसदेने केले नव्हते. आणि केले असते, तर घटनेच्या विसाव्या कलमातील पूर्वलक्षी आणि दुहेरी शिक्षेच्या मनाईशी गाठ होतीच.

पण आपण धुतल्या तांदळासारखे आहोत असे समजायचे कारण नाही. महाराष्ट्रात ‘एमपीडीए लावली’ हे वाक्य स्थानिक बातम्यांत रोज दिसते. खटल्याविना स्थानबद्ध करण्याच्या 1981 च्या त्या कायद्यात ‘धोकादायक व्यक्ती’ची व्याख्या आहे आणि शरीराविरुद्धचे गुन्हे सराईतपणे करणारा तिच्यात बसतो. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त आदेश काढतो, सल्लागार मंडळ नंतर पाहते, तिथे वकील उभा करण्याचा हक्क नाही. स्थानबद्धता जास्तीत जास्त एक वर्ष. म्हणजे क्वीन्सलंडमध्ये कोर्ट आहे पण मुदत नाही. आपल्याकडे मुदत आहे पण कोर्ट नाही. दोन्हींतले चांगले घेतले तर एक बरी व्यवस्था होईल, वाईट घेतले तर काय होईल याची कल्पना करवत नाही. बलात्कारासाठी ‘उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर’ जन्मठेप देण्याची तरतूद 2013 नंतर आपल्याकडे आलीच आहे. तिच्यात निदान एक गोष्ट सरळ आहे: ती शिक्षा सुनावणीच्या दिवशी, गुन्हा सिद्ध झाल्यावर, उघडपणे दिली जाते.

फार्डनचा कायदा फार्डनपुरता राहिला नाही. न्यू साउथ वेल्स, पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरिया यांनी तसेच कायदे केले. दहशतवादाच्या गुन्ह्यांतल्या कैद्यांसाठी केंद्राने केलेल्या तशाच कायद्याला 2021 मध्ये हायकोर्टाने मान्यता दिली. 2022 च्या गार्लेट खटल्यात तर प्रश्न लुटीचा होता. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नव्या कायद्याच्या यादीत जबरी चोरीही होती. एका आदिवासी तरुणाने केलेल्या लुटीत हाती लागले ते गळ्यातले पेंडंट आणि 20 डॉलर. हायकोर्टाने पाच विरुद्ध दोन मतांनी तो कायदाही टिकवला. लैंगिक गुन्हेगारासाठी म्हणून पाडलेली फट पुढे कुणाकुणासाठी वापरली जाते, हे 2004 च्या बहुमताने गृहीत धरले नव्हते, किंवा धरले असेल तर बोलून दाखवले नाही.

माझे मत असे. काही माणसे इतकी धोकादायक असतात की त्यांना दीर्घकाळ बाजूला ठेवावे लागते. ते वीस दिवस विसरून याला उत्तर देता येत नाही. पण तो निर्णय शिक्षा सुनावताना व्हावा, संपताना नव्हे. क्वीन्सलंडच्या 1992 च्या शिक्षाविषयक कायद्यातच न्यायाधीशाला सुनावणीच्या वेळी अनिश्चित मुदतीची शिक्षा देण्याची तरतूद आहे. ती वापरायची तर तो प्रश्न पहिल्याच दिवशी कोर्टापुढे उघडपणे येतो, आरोपीला उत्तर द्यायला संधी मिळते, आणि तुरुंगाला पहिल्या वर्षापासून उपचार करावे लागतात. आधीच मुदतीची शिक्षा झालेल्या जुन्या कैद्यांसाठी हा मार्ग बंद आहे. त्यांच्यासाठी बाहेरची कडक देखरेख, पायातला ट्रॅकर आणि ठराविक जागीच मुक्काम एवढ्यावरच थांबावे लागेल, आणि त्यातली जोखीम सरकारने लोकांना स्पष्ट सांगावी लागेल. हे सांगायला निवडणुकीच्या वर्षात कुणी तयार होत नाही, हेही दिसतेच.

2018 मध्ये फार्डनच्या देखरेखीची मुदत संपत आली तेव्हा सरकारने वाढ मागितली. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती नाकारली. तोवर तो सत्तरीत पोहोचला होता. पोलिसांकडे हजेरी आणि माहिती देत राहण्याच्या अटी मात्र सरकारने त्याच्यामागे लावून दिल्या. 2003 चा कायदा अजूनही अमलात आहे, आणि शिक्षेचे शेवटचे सहा महिने सुरू झालेल्या कैद्यांच्या फायली ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाकडे जातच असतात.